काकांकडे चहाला जाण्याआधी

म्युच्युअल फंड विकण्यासाठीची एनआयएसएमची परीक्षा पास झालात, फंड कंपन्यांची संघटना ॲम्फी हिचा एआरएन, म्हणजे वितरकाचा नोंदणी क्रमांक, हातात आला आणि कुणाच्या तरी ओळखीने एका निवृत्त काकांनी रविवारी चहाला बोलावलंय. बॅग शनिवारी रात्रीच भरा. आधी व्हिजिटिंग कार्ड बघा. त्यावर हौसेने ‘सल्लागार’ किंवा ‘वेल्थ ॲडव्हायझर’ छापून घेतलं असेल तर तो गठ्ठा घरीच राहू द्या. त्यासाठी सेबीची वेगळी नोंदणी लागते, आपण वितरक. एआरएनची मुदत तीन वर्षांचीच असते, तीही तपासा.

कागद म्हणाल तर योजनेची ताजी फॅक्टशीट आणि माहितीपत्रकाचा सारांश, दोन्ही फंड कंपनीनेच काढलेले. व्हॉट्सॲपवर फिरणारं ‘पाच वर्षांत दुप्पट’वालं रंगीत चित्र दाखवू नका, तसलं स्वतः बनवूही नका. फॅक्टशीटवर पेन्सिलने खुणा करून ठेवा: जोखीम दाखवणाऱ्या रिस्कोमीटरचा काटा सहापैकी कुठल्या घरात आहे, एक, तीन, पाच वर्षांचा परतावा बेंचमार्कशेजारी, म्हणजे तुलनेच्या निर्देशांकाशेजारी, कसा दिसतो, एक्झिट लोड, म्हणजे लवकर पैसे काढले तर कापला जाणारा आकार, किती. फक्त चांगलं वर्ष दाखवून पान उलटायचं नाही.

10 रुपयांचा नवा फंड ‘स्वस्त’ असतो, हे काका ऐकून बसलेले असणार. त्यावर भाषण नको, मागच्या पानावर हिशेब मांडा. हजार रुपयांत 10 च्या भावाने 100 युनिट, 50 च्या भावाने 20. दोन्ही फंड दहा टक्के वाढले की दोन्हीकडे 1100 च. आयडीसीडब्ल्यूचंही, म्हणजे फंड मधूनमधून वाटतो त्या पैशांचंही, तसंच. 2021 पर्यंत त्याला डिव्हिडंड म्हणायचे, काका त्याला व्याज समजतात. दिलं तेवढी एनएव्ही, म्हणजे युनिटचा भाव, उतरते, हे दोन वाक्यांत सांगता आलं पाहिजे.

खरी तयारी मात्र एकाच प्रश्नाची: “किती टक्के मिळतील?” बिस्किटांची बशी पुढे करता करता विचारतात आणि आपण भिडेखातर बोलून जातो. मी बोललो होतो, “बारा तर कुठे गेले नाहीत.” काकूंनी ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवलं. 23 मार्च 2020 ला सेन्सेक्स एका दिवसात 13 टक्क्यांच्या आसपास कोसळला, त्यानंतर ते पान मला दाखवण्यात आलं. खात्रीचा परतावा सांगायला नियमानेच बंदी आहे, पण बंदी तोंडाला लागत नाही. म्हणून आरशासमोर म्हणून बघा: “सांगता येत नाही, काका. मागे वाढला कसा ते हे, पडला तेव्हा किती पडला ते हे.” आणि गप्प बसा. गप्प बसणं सगळ्यात अवघड.

“तुला काय सुटतं?” हेही येईल. 2009 पासून एंट्री लोड, म्हणजे पैसे गुंतवतानाच कापला जाणारा आकार, नाही. गुंतवणूक राहील तोवर फंड कंपनी आपल्याला ट्रेल, म्हणजे चालू कमिशन, देते, त्याचा आकडा सांगा. 2013 पासून डायरेक्ट प्लॅन आहे, त्यात वितरक नाही आणि खर्च कमी, हेही तुम्हीच सांगा. नाहीतर पुण्याचा भाचा फोनवर सांगेलच. कमिशनातले थोडे परत मागितले तर हसून नाही म्हणा, पासबॅक चालत नाही.

एक कोरा कागद काकांसाठी: पैसे कधी लागणार, घरात अवलंबून कोण, दवाखान्यासाठी वेगळे ठेवलेत का. हा भरेपर्यंत फॉर्म बॅगेतच. केवायसी, नॉमिनी नंतर. कोऱ्या फॉर्मवर सही घेऊ नका, चेक योजनेच्याच नावाने. आणि पेनं दोन न्या, काकांचं ऐन सहीच्या वेळी उमटत नाही.