सेंट्रल लॉकची मोटर बदलताय? पिकअपवाल्यांनो, आधी या चुका टाळा

रिमोट दाबला, तीन दरवाजे खट्ट करून लॉक झाले आणि चौथा तसाच राहिला, हे डबल कॅबिन पिकअपमध्ये फार कॉमन आहे. दिवसभर माल चढव-उतार, मजूर बसतात उतरतात, दरवाजे आपटले जातात, वरून शेतरस्त्याची धूळ आणि चार महिने पाऊस, मग कधीतरी लॉक दगा देणारच. आणि मग बहुतेक जण काय करतात, तर सरळ पुण्यात नाना पेठ किंवा मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड गाठतात, नवी मोटर आणतात, दरवाजा खोलतात, बसवतात, आणि रिमोट दाबला की परिस्थिती जैसे थे. चोर सोडून संन्याशाला फाशी. मोटरचा दोष नसतोच अशा केसेस खूप आहेत, म्हणून पैसे टाकायच्या आधी हे नीट वाचा.

पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक : न तपासता मोटर आणणे

लॉकची मोटर म्हणजे आत एक छोटी १२ व्होल्टची डीसी मोटर आणि प्लास्टिकचे गिअर, बस. तिला चालवणाऱ्या वायर दोनच. एकीला प्लस आणि दुसरीला मायनस दिला की लॉक, उलटं केलं की अनलॉक, आणि हा करंट एक सेकंदसुद्धा राहत नाही, नुसता एक झटका येतो.

आता दरवाजाला कान लावा आणि कुणाला तरी रिमोट दाबायला सांगा. मोटर फिरल्याचा घर्र आवाज येतोय पण दरवाजावरचा लॉकचा नॉब हलत नाही, तर गिअर घासलेत किंवा मोटर आणि लॉकला जोडणाऱ्या रॉडची क्लिप निसटलीये (क्लिप असेल तर काम फुकटात झालं म्हणा). नॉब अर्धाच येतो, कधी येतो कधी नाही, तर मोटर थकलीये किंवा लॅच (दरवाजा पकडून धरणारा खटका) कोरडा पडून जाम झालाय. काहीच आवाज नाही तर मोटर मेली असं लगेच ठरवू नका, करंट पोचतोय का ते आधी बघा. आणि सगळेच दरवाजे एकदम बंद पडले असतील तर मोटर विसरा, फ्यूज, रिले किंवा सेंट्रल लॉकचा मोड्यूल (सगळ्या मोटरींना करंट सोडणारा डबा) बघा, चार मोटरी एकाच दिवशी जात नाहीत.

अजून एक. टेस्टिंगच्या नादात रिमोट सारखा सारखा दाबत बसू नका. बऱ्याच मोटरींत गरम झाल्यावर करंट कमी करणारा पार्ट असतो, तो मोटर तात्पुरती बंद पाडतो आणि माणसाला वाटतं चालू मोटरही गेली. थोडा वेळ थांबलं की परत चालते.

करंट तपासायला मल्टिमीटरपेक्षा साधा बल्बवाला टेस्ट लॅम्प घ्या, हे मी आवर्जून सांगतो. साध्या डिजिटल मीटरला तो क्षणभराचा झटका पकडता येत नाही, आकडा यायच्या आत करंट गेलेला असतो. शिवाय वायरीची एकच तार शिल्लक असली तरी मीटर ऐटीत १२ व्होल्ट दाखवेल, पण त्या एका तारेवर मोटर फिरत नाही. बल्ब स्वतः करंट खातो त्यामुळे तो खरं सांगतो. दरवाजाचं आतलं कव्हर, म्हणजे पॅड, काढून (पद्धत खाली आहे) आणि या तपासणीपुरती बॅटरी जोडून लॅम्पची दोन टोकं मोटरच्या त्या दोन वायरींनाच लावायची, एक बॉडीला लावलं तर अर्धीच गोष्ट कळते. लॉकला आणि अनलॉकला, दोन्ही वेळेला बल्ब चांगला लख्ख चमकला तर मोटर दोषी. मिणमिणला किंवा पेटलाच नाही तर मोटर निर्दोष.

मग दोषी कोण? दरवाजा आणि बॉडीच्या मधला रबर

दरवाजा उघडल्यावर बिजागरीजवळ कोंबडीच्या मानेसारखा घड्यांचा एक रबरी पाइप दिसतो, दरवाजाच्या सगळ्या वायर त्यातून जातात. दरवाजा उघडला की वायर ताणली, बंद केला की दुमडली, वर्षानुवर्षं हेच. वरचं प्लास्टिक शाबूत राहतं आणि आतलं तांबं तुटतं, म्हणून नुसतं बघून काही कळत नाही. ड्रायव्हरचा दरवाजा सगळ्यात जास्त उघडतो त्यामुळे हे दुखणं तिथे आधी येतं.

एका मित्राच्या गाडीचं नेमकं हेच झालं होतं. नवीन मोटर बसवलेली, तरी लॉक मनाला येईल तेव्हाच चालायचं, दरवाजा अर्धवट उघडा ठेवला की हमखास चालायचं आणि बंद केला की गप्प. ही खूणच आहे. रबर मागे सरकवला तर निळी वायर हाताला मऊ लागली, हलकं ओढल्यावर च्युइंगमसारखी लांब झाली, आणि सोलल्यावर आत तांब्याच्या जागी हिरवी भुकटी. अशा वेळी नुसता पीळ मारून टेप गुंडाळू नका, पुन्हा त्याच जागी तुटणार. थोडी लांब नवीन लवचिक वायर जोडा, जोड रबराच्या बाहेर दरवाजाच्या किंवा बॉडीच्या आत येऊ द्या, सोल्डर करा आणि वर हीट श्रिंक ट्यूब (गरम केल्यावर आवळून बसणारी नळी) घाला.

चुकीची मोटर

कंपनीचं नसून बाजारातून बसवून घेतलेलं सेंट्रल लॉक किट असेल (जुन्या कॅम्पर-पिकअपमध्ये बहुतेक हेच असतं) तर ड्रायव्हरच्या दरवाजाला पाच वायरींची मोटर आणि बाकीच्यांना दोन वायरींची. पाचमधल्या दोन मोटरच्या, उरलेल्या तीन आतल्या स्विचच्या, ज्याच्यामुळे ड्रायव्हरने चावी फिरवली की बाकीचे दरवाजे ऐकतात. दुकानदाराने दोन वायरींची दिली आणि तुम्ही ड्रायव्हर साइडला लावली तर तो दरवाजा रिमोटने लॉक होईल, पण चावी किंवा नॉबने बाकीचे हलणार नाहीत. आणि गाडी उभ्या उभ्या स्वतःच लॉक-अनलॉक करत असेल तर संशय याच पाच वायरींच्या मोटरवर घ्या, आतला स्विच घासलेला असतो किंवा पाणी गेलेलं असतं. वायरींचे रंग कंपनीप्रमाणे बदलतात, रंगावर विसंबू नका, जुन्या जोडणीचा फोटो काढा.

कंपनी फिटेड लॉक असेल तर गोष्ट वेगळी. नवीन पिकअपमध्ये मोटर आणि लॅच बहुतेक एकच पीस असतो. डावा-उजवा वेगळा, पुढचा-मागचा वेगळा, त्यामुळे चासी नंबर देऊनच पार्ट मागवा. गाडी वॉरंटीत असेल तर हात न लावता सर्व्हिस सेंटरला द्या, वायर कापलेली दिसली की क्लेम अडकतो.

पॅड काढताना

बॅटरीचं मायनस आधी काढा, विशेषतः एअरबॅगवाल्या गाडीत, कनेक्टर निघालेला असताना इग्निशन ऑन केलं तर डॅशबोर्डवर एअरबॅगचा लाइट लागून बसू शकतो. त्याच्या आधी काच पूर्ण वर करून घ्या, नंतर करता येत नाही आणि काच खाली असली की हात घालायला जागाच उरत नाही.

डोअर पॅड ओढून येत नसेल तर कुठेतरी स्क्रू राहिलाय. हँडलच्या मागच्या छोट्या कव्हरखाली आणि आर्मरेस्टच्या खाचेत हमखास लपलेले असतात. हाताने फिरवायचं काचेचं हँडल असेल तर त्याच्या मागे बऱ्याचदा स्प्रिंगची क्लिप असते, फडक्याची कड मागे घालून डावी-उजवीकडे घासा, क्लिप उडते, म्हणून वर हात धरा. पॅड निघाल्यावर स्विचच्या वायरीवर लटकत ठेवू नका.

आता ते आतलं प्लास्टिक, जे लोक टराटरा फाडून फेकून देतात. कृपा करून फाडू नका! पावसाचं पाणी काचेवरून दरवाजाच्या आत उतरतच असतं, प्रत्येक गाडीत, आणि खालच्या भोकांतून बाहेर जातं. हे प्लास्टिक त्या पाण्याला केबिनमध्ये येऊ देत नाही. ते फाटलं की पहिल्याच पावसात मॅट ओलं, महिन्याभरात वास, पॅडचा पुठ्ठा फुगतो तो वेगळाच. ब्लेडने चिकट थर हळू कापत सोलून घ्या, आणि परत लावताना ब्युटाइल टेप (रबरासारखी चिकट पट्टी) वापरा, सेलोटेप टिकत नाही.

लॅच दरवाजाच्या कडेला बहुतेक तीन स्क्रूंवर असतो आणि ते भयंकर घट्ट असतात. साइजचा बिट (टॉर्क्स, म्हणजे चांदणीच्या खाचेचा स्क्रू, असेल तर टॉर्क्सच) पूर्ण बसवा, जोर देऊन दाबा आणि मगच फिरवा. एकदा डोकं गुळगुळीत झालं की ड्रिल मारायची वेळ येते.

किटची मोटर बसवताना पट्टी आणि स्क्रू काचेच्या वाटेत येत नाहीत ना ते काच वर-खाली करून बघा (पॉवर विंडो असेल तर बॅटरी जोडल्यावर). मोटर ज्या रेषेत ओढते त्याच रेषेत लॉकचा रॉड हलला पाहिजे, तिरपी बसवलेली मोटर रॉड वाकवते आणि लवकर मरते. मोटरच्या अलीकडे वायरीला खाली झोल ठेवा म्हणजे पाणी तिथेच ठिबकेल. लॅचला पांढरं लिथियम ग्रीस थोडंसं, नुसता डब्ल्यूडी-४० मारून सोडू नका, तो जुनं ग्रीस धुऊन नेतो आणि काही दिवसांत परत कोरडं.

दरवाजा लगेच बंद करू नका!!

हे मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. रॉड चुकीचा लागला असेल किंवा केबलचं टोक नीट बसलं नसेल आणि तुम्ही हौसेने दरवाजा लावलात, तर तो आतून-बाहेरून उघडत नाही, आणि बंद दरवाजाचं पॅड काढणं म्हणजे फोडाफोडी. म्हणून दरवाजा उघडा असतानाच स्क्रू ड्रायव्हरने लॅचचं तोंड ढकलून बंद करा, दोन टप्प्यांत टक-टक असा आवाज येतो. मग बाहेरचं हँडल ओढा, सुटला पाहिजे. परत बंद करा, आतलं हँडल ओढा. आता काढलेले कनेक्टर लावून बॅटरी जोडा, परत बंद करून रिमोटने लॉक करा, बाहेरचं हँडल ओढून उघडत नाही ना बघा, अनलॉक करा, उघडा. चावीनेही एकदा. मागचा दरवाजा फक्त आतून उघडत नसेल तर घाबरण्याआधी कडेचा चाइल्ड लॉक बघा, काम करताना बोटाने सरकलेला असतो. आतून न उघडणारा दरवाजा घेऊन गाडी रस्त्यावर काढू नका, अपघातात मागे बसलेला माणूस बाहेर कसा येणार?

हे सगळं पास झालं की पॅड लावायच्या आधी दरवाजाच्या खालची भोकं तारेने मोकळी करा, पिकअपमध्ये ती चिखलाने बुजलेलीच असतात. मग काचेवर तांब्याभर पाणी ओता, पाणी खालून पडलं पाहिजे आणि प्लास्टिकच्या केबिनकडच्या बाजूला एक थेंब नको. बॅटरी परत जोडल्यावर काचेचं ऑटो-अप (एकदा बटण दाबलं की काच आपोआप पूर्ण वर जाणं) चालत नसेल तर ते नव्याने सेट करावं लागतं, पद्धत गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेली असते.