मोठं अवतरणचिन्ह लावताना

वेब डिझाइन शिकायला आलेल्यांना मी सुरुवातीला हमखास एक काम देते. एखादं वचन घ्यायचं आणि त्याच्या डोक्याशी मोठं, फिकट रंगाचं अवतरणचिन्ह लावायचं. काम दिसायला किरकोळ, पण सीएसएसच्या (वेबपानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेच्या) बऱ्याच खाचाखोचा त्यात ओघानेच येतात.

पुष्कळ जण चिन्ह थेट मजकुरातच टाइप करून स्पॅनमध्ये (मजकुराचा तुकडा वेगळा काढणाऱ्या टॅगमध्ये) घालतात. मग कुणी वचन कॉपी केलं की ते शोभेचं चिन्हही सोबत जातं. शोभेची गोष्ट सीएसएसमध्येच बरी. ब्लॉककोटला, म्हणजे मोठ्या अवतरणाच्या टॅगला, बिफोर हा स्यूडो-एलिमेंट (सीएसएसने मजकुराआधी आणलेला जादा घटक) लावायचा आणि त्याच्या कंटेंटमध्ये चिन्ह द्यायचं. कीबोर्डवरचं सरळ चिन्ह मात्र नको, मोठं केलं की त्याच्या नुसत्या दोन काड्या उरतात. युनिकोडमधलं वळणदार चिन्ह घ्या: उघडणारं २०१सी, मिटणारं २०१डी. बॅकस्लॅश देऊन हा क्रमांक लिहिला की एन्कोडिंगच्या (अक्षरं साठवण्याच्या पद्धतीच्या) गोंधळात चिन्हाची अगम्य अक्षरं होत नाहीत. ओळीतल्या छोट्या अवतरणासाठी क्यू टॅग आहे. त्याला ब्राउझर आपणहून चिन्हं लावतो, तिथे हाताने पुन्हा टाकू नका.

खरी कसरत पुढे. फॉन्ट-साइझ ५ एम, म्हणजे वचनाच्या अक्षरांच्या पाचपट, केली की वचन एकदम खाली ढकललं जातं आणि मध्ये मोठी पोकळी दिसते. मग पॅडिंग (आतली मोकळी जागा) कमी कर, मार्जिन (बाहेरची) उणे कर, असा खेळ सुरू होतो. कारण साधं आहे. हे चिन्ह अक्षराच्या चौकटीत अगदी वरच्या भागात बसतं, खालची बरीच जागा रिकामी असते, आणि फॉन्ट वाढवला की ती रिकामी जागाही वाढते. म्हणून ब्लॉककोटला पोझिशन रिलेटिव्ह, चिन्हाला अ‍ॅब्सोल्यूट आणि लाइन-हाइट (ओळीची उंची) १. मग चिन्ह मजकुराची जागा न अडवता ब्लॉककोटच्या हिशेबाने बसतं. इथे एक मेख आहे: टॉप आणि लेफ्टमधलं (वरून आणि डावीकडून सरकवायच्या अंतरातलं) एम चिन्हाच्या स्वतःच्या फॉन्ट-साइझवरून मोजलं जातं. ५ एमच्या चिन्हाला ०.२ एम सरकवलं की ते वचनाच्या हिशेबाने अख्खं १ एम सरकतं. नको असेल तर रेम वापरा, ते पानाच्या मूळ फॉन्ट-साइझवरून मोजलं जातं.

चिन्ह मजकुरामागे जावं म्हणून झेड-इंडेक्स (कोण पुढे, कोण मागे हे ठरवणारा आकडा) उणे १ दिला की ते कधीकधी गायबच होतं. ते ब्लॉककोटच्या पार्श्वभूमीच्याही मागे गेलेलं असतं. ब्लॉककोटला आयसोलेशन आयसोलेट द्या, म्हणजे मागे-पुढेचा हिशेब त्याच्या आतच राहील आणि चिन्ह परत दिसेल.

चाचणीला लोरेम इप्सम (नमुन्यादाखल टाकायचा लॅटिनसारखा निरर्थक मजकूर) कृपया नको. रोमन अक्षरांवर नेटकं बसलेलं चिन्ह ‘कीर्ती’वर आणून बघा. शिरोरेघेच्या वर वेलांटी आणि रफार दोन्ही आहेत, चिन्ह त्यांनाच जाऊन भिडतं. मराठी मजकुराला लाइन-हाइट मुळातच थोडी सैल लागते. चिन्हाचा फॉन्टही वेगळा नेमा. जॉर्जियाची गुबगुबीत चिन्हं मला आवडतात, पण अँड्रॉइडवर जॉर्जिया सहसा नसतो. तिथे दुसराच आकार येतो आणि जुळवलेलं सगळं अंतर बिघडतं. त्यापेक्षा वेबफॉन्ट (पानासोबतच येणारा फॉन्ट) बरा.

मिटणारं चिन्ह हवं असेल तर आफ्टर (बिफोरसारखाच, पण मजकुरानंतर येणारा) शेवटच्या परिच्छेदाला लावा. ब्लॉककोटला लावलं तर ते नव्या ओळीवर एकटंच पडतं. वचन कुणाचं, ते ब्लॉककोटच्या बाहेर, फिगकॅप्शन या मथळ्याच्या टॅगमध्ये.

कंटेंटमधलं चिन्ह स्क्रीन रीडर (पान मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्राम) वाचू शकतो. त्याने गप्प राहावं म्हणून चिन्हापुढे तिरकी रेघ आणि रिकामी स्ट्रिंग (मध्ये काहीच नसलेली अवतरणचिन्हांची जोडी) देता येते. जुन्या ब्राउझरला ही रचना कळत नाही आणि तो ती ओळच टाकून देतो. तेव्हा आधी तिरकी रेघ नसलेली साधी ओळ लिहा, तिच्याखाली ही.

मुलाखतीत असं काम कुणी दाखवलं की मी आधी खिडकी मोबाइलएवढी अरुंद करायला सांगते. लेफ्टला उणे अंतर देऊन बाहेर काढलेलं चिन्ह तिथे अर्धं कापलं जातं, आणि डावीकडे स्क्रोल करूनही ते दिसत नाही.