जुने अलोहा शर्ट जमवताना या चुका टाळा

हवाई बेटांवरील होनोलुलूमध्ये १९३० च्या दशकात नावारूपाला आलेल्या अलोहा शर्टांपैकी, म्हणजे रंगीबेरंगी नक्षीच्या हवाईयन शर्टांपैकी, संग्राहकांना सर्वाधिक ओढ असते ती १९४० आणि १९५० च्या दशकांतील रेयॉनच्या शर्टांची, आणि नेमका त्यांचाच काळ घाईघाईने ठरवला जातो. करवंटीची बटणे दिसली की शर्ट जुना असे अनेक जण धरून चालतात. परंतु अशी बटणे आजही तयार होतात, शिवाय एका शर्टाची बटणे दुसऱ्याला लावणे मुळीच अवघड नाही. खिशावरील नक्षी भोवतालच्या कापडाशी तंतोतंत जुळणे हे उत्तम शिवणकामाचे लक्षण आहे, वयाचे नव्हे. जुन्या नक्षींच्या देखण्या प्रतिकृती जपानमध्ये निघतात, त्यामुळे केवळ नक्षीवरही विसंबता येत नाही.

लेबल अधिक बोलके असते, मात्र ते नीट वाचावे लागते. अमेरिकेत कपड्याच्या धुलाईच्या सूचना देणारे कायमस्वरूपी लेबल १९७२ पासून सक्तीचे झाले, म्हणून तसे सविस्तर लेबल असलेला शर्ट १९५० च्या दशकातील म्हणून विकला जात असेल, तर सावध व्हावे. लेबलावरील ‘आरएन’ क्रमांक, म्हणजे अमेरिकी सरकारने कंपनीला दिलेला नोंदणी क्रमांक, १३६७० किंवा त्यापुढील असेल, तर तो १९५९ किंवा त्यानंतर दिलेला असतो. येथे आणखी एक चूक होते: हा क्रमांक कंपनीचा असतो, शर्टाचा नव्हे; त्यामुळे शर्ट त्यापूर्वीचा नाही एवढेच त्यावरून कळते, तो त्यानंतर कितीही वर्षांनी शिवलेला असू शकतो. लेबलाच्या टाक्यांचा दोरा उरलेल्या शिवणीपेक्षा वेगळा वाटल्यास ते मागाहून लावलेले असण्याची शक्यता विचारात घ्यावी.

सर्वांत मोठे नुकसान मात्र खरेदीनंतर, धुताना होते. ओल्या रेयॉनची ताकद जवळपास निम्म्याने घटते, म्हणून वॉशिंग मशीन, घासणे आणि पिळणे ही तिन्ही कटाक्षाने टाळावीत. आधी आतल्या शिवणीवर ओले पांढरे फडके दाबून रंग सुटतो का ते पाहावे. सुटत असल्यास शर्ट पाण्यात घालूच नये. रंग पक्का असल्यास थंड पाणी आणि सौम्य साबण वापरावा, शर्ट दोन्ही हातांनी खालून आधार देऊन उचलावा, टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपावे आणि सावलीत सपाट पसरून वाळवावा. खळ देऊ नये, कारण तिच्यामुळे कसर लागते. हँगरवर वर्षानुवर्षे टांगलेला शर्ट खांद्यांत ओघळतो. आम्लरहित कागद घालून, सैल घडी करून तो अंधाऱ्या, कोरड्या जागी ठेवणे मला अधिक योग्य वाटते.

लेबलावरील मापावर विसंबून ऑनलाइन खरेदी करू नये. जुने शर्ट धुऊन आटलेले असू शकतात, म्हणून विक्रेत्याकडून एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंतचे प्रत्यक्ष माप मागवावे.