‘कोफी’ या नावाची नोंद कशी करावी

वारावरून पडलेली नावे नागपूरकराला नवीन नाहीत. इतवारीत आपण किराणा भरतो, मंगळवारी आणि बुधवारी या बाजारांत भाजी घेतो, आणि ज्या तलावाच्या पाटीवर गांधीसागर असे लिहिले आहे, त्याला जुने लोक आजही शुक्रवारी तलाव किंवा जुम्मा तलाव म्हणतात. दोन बोलींतली ही दोन नावे एकाच वाराची आहेत. पश्चिम आफ्रिकेतल्या घाना देशातील अकान समाजाने हाच वार माणसांच्या नावात ठेवला आहे. शुक्रवारी जन्मलेला मुलगा तो कोफी, आणि शुक्रवारी जन्मलेली मुलगी ती अफुआ.

हे मला उशिरा कळले. काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयाच्या कार्यक्रमात प्रमाणपत्रांवर नावे लिहिण्याचे काम माझ्याकडे होते, आणि घानाहून शिकायला आलेल्या एका विद्यार्थ्याच्या प्रमाणपत्रावर मी सुवाच्य अक्षरात ‘कॉफी’ असे लिहिले. व्यासपीठावरून ते तसेच वाचले गेले आणि सभागृह हसले. तो मुलगा प्रमाणपत्र घेऊन खाली आला आणि माझ्याजवळ येऊन शांतपणे म्हणाला, की हे पेयाचे नाव नाही, मी शुक्रवारी जन्मलो म्हणून मला हे नाव आहे. तेव्हापासून शाळेचे सूत्रसंचालन, वाचनालयाची नामसूची, प्रश्नमंजूषा किंवा वर्तमानपत्रातली टिपणे अशी कामे करणाऱ्या प्रत्येकाला मी पुढची पद्धत आवर्जून सांगतो.

सुरुवात उच्चारापासून करावी. ‘को’ हा कोकणातला को आहे, कॉलेजातला कॉ नव्हे. रोमन लिपीत हे नाव के, ओ, एफ, आय असे लिहितात आणि देवनागरीत ‘कोफी’ हे लेखन पुरेसे आहे. घानाच्या शेजारच्या आयव्हरी कोस्टमध्ये फ्रेंच वळणामुळे त्यात दोन एफ येतात आणि तिथे ते पुष्कळदा आडनाव म्हणूनही वापरले जाते, पण मराठीत लिहिताना जोडाक्षर करण्याची गरज नाही. घानाच्या किनारपट्टीवरील फान्ते लोकांत याच वाराचे ‘फीफी’ असे लाडके रूप आहे, तेही कोफीच समजावे.

त्यानंतर साती वार एकदा वहीत उतरवून घ्यावेत, कारण कोफी समोर आला की त्याचे भाऊबंद फार दूर नसतात. सोमवारचा मुलगा क्वाजो किंवा कोजो आणि मुलगी अजोआ. मंगळवारचा क्वाबेना आणि अबेना. बुधवारचा क्वाकू आणि अकुआ. गुरुवारचा ‘याव’ आणि मुलगी ‘या’. शुक्रवारचा कोफी आणि अफुआ किंवा एफुआ. शनिवारचा क्वामे आणि आमा. रविवारचा क्वासी आणि अकोसुआ. रोमन लेखनात सोमवारच्या नावात डी आणि डब्ल्यू ही अक्षरे दिसतात, त्यावरून ‘क्वाड्वो’ असे वाचू नये. तिथला उच्चार ज कडे झुकतो. गडचिरोली-भंडाऱ्याकडच्या जुन्या पिढीतले मंगरू, सोमा, इतवारू ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ही रीत परकी वाटणार नाही. फरक एवढाच, की अकान समाजात ती प्रत्येक मुलाला लागू होते.

वाराचे हे नाव बाळ जन्माला येते त्या क्षणीच ठरलेले असते, कुणाला ते निवडावे लागत नाही. अकान भाषेत त्याला ‘क्रा दिन’ म्हणतात. क्रा म्हणजे माणसाचा आत्मा आणि दिन म्हणजे नाव. आपल्या ‘दिन’ शब्दाशी त्याचा संबंध नाही, हे मुद्दाम सांगतो, कारण वाराच्या संदर्भात मराठी वाचकाची इथे हमखास फसगत होते. दुसरे नाव परंपरेने वडील देतात आणि ते आठव्या दिवशी, म्हणजे जन्माचा वार पुन्हा फिरून येतो तेव्हा. आपल्या बारशाला आत्या कानात नाव सांगते, तसे तिथे बाळाच्या जिभेवर आधी पाण्याचे आणि मग मद्याचे थेंब ठेवतात आणि सांगतात, की पाण्याला पाणी म्हण आणि मद्याला मद्य म्हण. आयुष्यभर खरे बोलण्याची ही पहिली शिकवण आहे. नोंद करणाऱ्याच्या दृष्टीने यातून महत्त्वाची गोष्ट अशी निघते, की वडील प्रत्येक मुलाला वेगळे नाव देऊ शकत असल्यामुळे सख्ख्या भावंडांचे शेवटचे नाव सारखे असेलच असे नाही. दोन नावांच्या शेवटी वेगवेगळे शब्द दिसले म्हणून नाते नाकारू नये, आणि दोघांच्या नावात कोफी आहे म्हणून नाते जोडू तर मुळीच नये.

आता पूर्ण नाव सोडवून पाहावे. संयुक्त राष्ट्रांचे माजी महासचिव कोफी अट्टा अन्नान यांचे उदाहरण यासाठी सर्वांत चांगले आहे. कोफी म्हणजे शुक्रवारचा. अट्टा म्हणजे जुळ्यातला एक, आणि खरोखरच त्यांच्या जुळ्या बहिणीचे नाव एफुआ अट्टा होते. अन्नान या शब्दाचे मूळ ‘चौथे अपत्य’ या अर्थात आहे. मात्र इथे थांबून विचार करावा. त्यांचे वडीलही हेन्री रेजिनाल्ड अन्नानच होते, म्हणजे तो शब्द एव्हाना आडनाव झाला होता. आपल्याकडे एखाद्याचे आडनाव पाटील असले म्हणून गावाची पाटीलकी त्याच्याकडे आहे असे आपण मानत नाही, तसेच अन्नान वाचून हा चौथा मुलगा असा निष्कर्ष काढू नये. ‘तिसरा मुलगा’ असा मूळ अर्थ असलेल्या मेन्सा या शब्दालाही हाच नियम लावावा. वाराचे नाव त्या व्यक्तीचे स्वतःचे असते, शेवटचे नाव मात्र मागच्या पिढीकडून आलेले असू शकते.

जन्मतारीख हाताशी असेल तर वार स्वतः काढून पाहावा. विसाव्या शतकातील तारखांसाठी एक सोपी रीत आहे. जानेवारीपासून डिसेंबरपर्यंत महिन्यांचे अंक १, ४, ४, ०, २, ५, ०, ३, ६, १, ४, ६ असे पाठ करावेत. सालाचे शेवटचे दोन अंक घ्यावेत, त्यांना ४ ने भागून येणारा पूर्णांक त्यांत मिळवावा, मग तारीख आणि महिन्याचा अंक मिळवून एकूण बेरजेला ७ ने भागावे. बाकी १ उरली तर रविवार, २ उरली तर सोमवार, असे करत ६ म्हणजे शुक्रवार आणि ० म्हणजे शनिवार. लीप वर्षातील जानेवारी-फेब्रुवारीच्या तारखांसाठी बेरजेतून १ वजा करावा, आणि २००० ते २०९९ या सालांसाठीही आणखी १ वजा करावा. कोफी अन्नान यांचा जन्म ८ एप्रिल १९३८ रोजी घानातील कुमासी येथे झाला. ३८ अधिक ९ अधिक ८ अधिक ० म्हणजे ५५. सात साते एकोणपन्नास वजा जाता बाकी ६, म्हणजे शुक्रवार. ही बाकी पहिल्यांदा जुळली तेव्हा मला झालेला आनंद अजून आठवतो.

प्रत्येक वेळी ती जुळेल असे नाही, आणि न जुळल्यास काय करावे हे जाणून घेणे अधिक गरजेचे आहे. घानाचे पहिले पंतप्रधान आणि पुढे पहिले राष्ट्राध्यक्ष झालेले क्वामे एन्क्रुमा यांची जन्मतारीख सर्वत्र २१ सप्टेंबर १९०९ अशी छापली जाते. ९, २, २१ आणि ६ यांची बेरीज ३८, बाकी ३, म्हणजे मंगळवार. पण क्वामे तर शनिवारचा असतो. स्वतः एन्क्रुमांनी आत्मचरित्रात याचा उलगडा केला आहे. ती तारीख बाप्तिस्मा देणाऱ्या पाद्रींनी अंदाजाने नोंदवली होती. आई त्यांना शनिवारचा म्हणत असे, म्हणून सप्टेंबरच्या मध्याजवळचा शनिवार, म्हणजे १८ तारीख, ही आपली जन्मतारीख असण्याचा संभव त्यांनी मांडला. तारीख विसरली गेली, वार मात्र नावात टिकला. अशा ठिकाणी प्रचलित तारीख खोडून स्वतःची घालू नये. तारीख तशीच ठेवून शेजारी ‘नावावरून शनिवार’ अशी टीप लिहावी.

व्यक्तींची टिपणे लिहिताना अन्नानांपासून सुरुवात करावी, कारण मराठी वाचकाला हे नाव त्यांच्यामुळेच ठाऊक आहे. १९६२ मध्ये ते जागतिक आरोग्य संघटनेत रुजू झाले आणि संयुक्त राष्ट्रांच्या कर्मचारीवर्गातूनच वर येऊन महासचिव झालेले ते पहिले. १ जानेवारी १९९७ ते ३१ डिसेंबर २००६ अशी दहा वर्षे ते त्या पदावर होते. २००१ चे शांततेचे नोबेल पारितोषिक त्यांना आणि संयुक्त राष्ट्रांना मिळून देण्यात आले. १८ ऑगस्ट २०१८ रोजी बर्न येथे त्यांचे निधन झाले. त्यांना ‘पहिले आफ्रिकी महासचिव’ म्हणणे ही नेहमी होणारी चूक आहे, कारण त्यांच्या आधीचे बुत्रोस घाली इजिप्तचे होते. सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेतून आलेले पहिले महासचिव, असे लिहावे.

कोफी अब्रेफा बुसिया हे समाजशास्त्रज्ञ १९६९ ते १९७२ या काळात घानाचे पंतप्रधान होते आणि लष्करी उठावात त्यांचे सरकार गेले. त्यांची जन्मतारीख ११ जुलै १९१३ आहे. वरच्या रीतीने तीही शुक्रवारच देते. शाळकरी मुलांना बुसियांपेक्षा कोफी किंग्स्टन अधिक जवळचा असतो. कुस्तीच्या रिंगणात हे नाव लावणाऱ्या या मल्लाचा जन्म १४ ऑगस्ट १९८१ रोजी कुमासीतच झाला, तो दिवसही शुक्रवार होता, आणि एप्रिल २०१९ मध्ये त्याने डब्ल्यूडब्ल्यूई अजिंक्यपद मिळवले. किंग्स्टन हे त्याचे व्यावसायिक नाव असले तरी कोफी हे खरे आहे. वर्गात वार काढण्याचा सराव द्यायचा असेल तर ही तारीख द्यावी, मुले मन लावून गणित करतात.

कवी कोफी अवूनोर यांच्याविषयी थोडे सविस्तर लिहावे, असे माझे मत आहे. ते अकान नव्हते, एवे होते. वारांची ही नावे एवे समाजातही रूढ आहेत, हे त्यांच्यामुळे वाचकाला दाखवता येते. एवे लोकांच्या शोकगीतांची लय त्यांनी आपल्या इंग्रजी कवितेत आणली, ब्राझील आणि क्यूबा येथे घानाचे राजदूत म्हणून काम केले, आणि २१ सप्टेंबर २०१३ रोजी नैरोबीच्या वेस्टगेट मॉलवरील हल्ल्यात ते मारले गेले. एका साहित्य महोत्सवासाठी ते त्या शहरात आले होते. त्यांची नोंदलेली जन्मतारीख, १३ मार्च १९३५, बुधवार देते. तिथे केवळ विसंगती नमूद करावी आणि कारणाचा तर्क करू नये.

जुन्या इंग्रजी साधनांतून टिपण घेणाऱ्याने विशेष जपावे. १८६७ ते १८७४ या काळात असांते या अकान राज्याच्या गादीवर कोफी कारीकारी हा राजा होता. १८७३-७४ च्या युद्धात ब्रिटिश फौजेने कुमासी जाळले, आणि त्या काळच्या ब्रिटिश वर्तमानपत्रांनी त्याला सरळ ‘किंग कॉफी’ करून टाकले. प्रमाणपत्रावरची माझी चूक याहून वेगळी नव्हती, आणि म्हणूनच हे लेखन अवतरणचिन्हांबाहेर कधीही उतरवू नये असे मी म्हणतो.

गुलामांच्या जहाजांतून हे नाव अटलांटिकपलीकडे गेले आणि तिथे त्याचे ‘कफी’ झाले. आजच्या गयानातील बर्बिस या तेव्हाच्या डच वसाहतीत २३ फेब्रुवारी १७६३ रोजी गुलामांचा मोठा उठाव सुरू झाला, त्याचा नेता कफी होता. गयानाने १९७० साली प्रजासत्ताक होण्यासाठी हीच तारीख निवडली आणि कफी त्या देशाचा राष्ट्रवीर आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये १७५९ साली जन्मलेले जहाजमालक पॉल कफी यांचे वडील आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणले गेलेले आणि पुढे मुक्त झालेले कोफी होते. मालकाकडून आलेले आडनाव टाकून या कुटुंबाच्या पुढच्या पिढीने वडिलांचे वाराचे नाव आडनाव म्हणून लावले. १८१५ च्या अखेरीस पॉल कफी यांनी स्वतःच्या जहाजातून ३८ कृष्णवर्णीय अमेरिकनांना सिएरा लिओनला नेले. म्हणजे पॉल यांच्या बाबतीत कफी हा त्यांचा जन्मवार नाही, त्यांच्या वडिलांचा आहे. टिपणात हे वाक्य आलेच पाहिजे.

सूचीत मांडताना अन्नान, बुसिया, अवूनोर यांना शेवटच्या नावाखाली ठेवावे, कारण कोफीखाली ठेवल्यास ‘क’ च्या खणात अर्धा घाना जमा होईल. कारीकारीची मुख्य पट्टी मात्र ‘कोफी कारीकारी’ अशीच असावी, राजाला आडनावाने शोधणारा वाचक क्वचितच भेटतो. कफी या नावासाठी एक वेगळी पट्टी करून तिच्यावर ‘मूळ रूप कोफी, तेही पाहावे’ एवढेच लिहावे. आणि नाव जिवंत, समोर बसलेल्या माणसाचे असेल तर छापण्यापूर्वी कागद त्याच्या हातात द्यावा, त्याच्याकडून ते एकदा मोठ्याने वाचून घ्यावे, आणि आपण म्हणून दाखवावे. त्या विद्यार्थ्याचे दुसरे प्रमाणपत्र मी असेच केले. ‘को’ वरची मात्रा काना संपतो तिथे नीट बसली आहे ना, हे त्याने बोट ठेवून तपासले आणि मगच मी खाली शाईने सही घेतली.