वादळी पावसात कृष्णेचा गाळ कसा मोजावा

नदी वर्षभरात जितका गाळ वाहून नेते, त्याचा मोठा भाग पुराच्या मोजक्या दिवसांतच जातो, म्हणून मोजणीही त्याच दिवसांत केली पाहिजे. बंगालच्या उपसागरातली वादळे सांगलीपर्यंत पोहोचतात. ऑक्टोबर २०२० मध्ये काकीनाड्याजवळ किनारा ओलांडलेल्या तीव्र कमी दाबाच्या क्षेत्राने सोलापूर-सांगली भागात मुसळधार पाऊस पाडला होता.

पहिला नमुना पाणी चढत असतानाच घ्यावा, कारण रानातली सुटी माती सुरुवातीच्या लोंढ्याबरोबर येते आणि पाणी उतरताना, पातळी तीच असली तरी, गाळ बहुधा कमी भरतो. घाटाच्या पायऱ्या कदापि उतरू नयेत. सांगलीतला कृष्णेवरचा आयर्विन पूल रहदारीस खुला असेल तेव्हाच तिथून दोरीला बांधलेली बादली मुख्य धारेत सोडावी. काठाच्या संथ पाण्यात खरा गाळ सापडत नाही.

बादली ढवळून लगेच एक लिटर पाणी पारदर्शक बाटलीत भरावे आणि तारीख, वेळ व पाणीपातळी चिठ्ठीवर लिहून ती बाटलीला चिकटवावी. वाळू काही मिनिटांत तळ गाठते. काळ्या रानाची चिकणमाती मात्र दिवसचे दिवस पाणी गढूळ ठेवते. घाईने तुरटी फिरवू नये, कारण तिचाही अंश गाळाच्या वजनात येतो. निवळलेले पाणी अलगद ओतून काढावे, उरलेला गाळ आधी तोललेल्या ताटलीत पूर्ण वाळवावा आणि सोनाराच्या काट्यावर त्याचे वजन करावे.

समजा, लिटरमागे १ ग्रॅम गाळ भरला आणि विसर्ग, म्हणजे सेकंदाला वाहणारे पाणी, १ लाख क्युसेक होता. १ क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८.३ लिटर, या हिशेबाने सेकंदाला २.८ टन आणि विसर्ग तसाच राहिल्यास दिवसाला सुमारे २ लाख ४४ हजार टन माती पुलाखालून जाते. ही आपल्याच शिवारातली माती आहे, आणि तळाशी घरंगळत जाणारी वाळू यात धरलेलीही नाही.

पूर्वी हा गाळ आंध्रातल्या त्रिभुज प्रदेशापर्यंत जात असे. आता अलमट्टी, श्रीशैलम आणि नागार्जुनसागर या धरणांत त्याचा बराचसा भाग अडतो. त्रिभुज प्रदेशाची जमीन स्वतःच्या भाराने दबत असते, त्यामुळे नवा थर न पडल्यास ती खचत जाते आणि चक्रीवादळाच्या लाटा किनारा अधिक वेगाने कापतात.

धरणाचा हा परिणाम आपल्या नोंदवहीतही दिसावा, यासाठी कोयना धरणातून सोडलेल्या पाण्याचा रकाना वेगळा ठेवावा. ते पाणी बराच गाळ जलाशयातच टाकून येते, तर ब्रह्मनाळजवळ मिळणारी येरळा नदी पूर्वेकडच्या पावसानंतर गढूळ होऊन येते. वारणा हरिपूरला, म्हणजे पुलाच्या पुढे, प्रवाहाच्या खालच्या अंगाला मिळते. तिचा नमुना स्वतंत्र घ्यावा.