कोकणात मेमरी टेस्टचे नॉर्म्स काढताय? मग या चुका टाळा

देवगडजवळच्या एका वाडीत मी एका आजींना कागदावरचा प्रश्न जसाच्या तसा विचारला, आपण आत्ता कितव्या मजल्यावर आहोत? आजींनी माझ्याकडे बघितलं, मग आजूबाजूला बघितलं आणि म्हणाल्या, "खंयचो मजलो गो बाय? ह्या खळा आसा." शेणाने सारवलेल्या खळ्यात बसून मी त्यांचा एक मार्क कापला, कारण नियम तसा होता. घरी येताना एसटीत मात्र डोक्यात तेच, की इथे नापास कोण झालं, आजी की प्रश्न?

तो प्रश्न एमएमएसई (मिनी-मेंटल स्टेट एक्झामिनेशन) या मेमरी टेस्टमधला. १९७५ साली अमेरिकेत आलेली ३० मार्कांची टेस्ट, आणि २४ च्या खाली गेलं की डिमेन्शियाची (म्हातारपणच्या विसरभोळेपणाच्या आजाराची) शंका घ्यायची हा कटऑफ आपल्याकडे पण बिनधास्त वापरतात. नॉर्म म्हणजे काय तर एवढ्या वयाच्या, एवढं शिकलेल्या धडधाकट माणसाला साधारण किती मार्क पडतात आणि त्यात किती कमीजास्त चालतं, एवढंच. ते दुसऱ्या गावचं असेल तर आपल्या माणसाला लावून उपयोग नाही. म्हणून लोकल नॉर्म काढायचे, पण ते काढताना आम्ही ज्या खड्ड्यांत पडलो ते सांगते.

भाषांतर झालं म्हणजे काम झालं असं समजणं

मोका (ही पण तशीच ३० मार्कांची टेस्ट) मराठी फॉर्ममध्ये मिळते, छान आहे, पण फॉर्म मराठी झाला म्हणून त्यावरचा २६ चा कटऑफ मराठी होत नाही. मोकात १२ वर्षं किंवा कमी शिकलेल्याला एक मार्क वाढवून देतात, म्हणजे बारावी पास आणि कधीच शाळेत न गेलेली बाई दोघांना तोच एक मार्क, हे जरा विचित्रच ना? १९९५ मध्ये हरियाणातल्या बल्लभगडच्या कामातून एचएमएसई (एमएमएसईचं हिंदी रूप) आली ती याच अडचणीतून, तिथल्या अशिक्षित हिंदी बोलणाऱ्यांसाठी प्रश्नच बदलले. आयसीएमआरचा (सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेचा) टूलबॉक्स, म्हणजे अशा टेस्टचा संच, सुरुवातीला पाच भाषांत झाला, हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम, त्यात मराठी नव्हती. म्हणजे आपल्याला हातपाय हलवायलाच हवेत.

गणपतीत सॅम्पल गोळा करणं

ही आमची सगळ्यात मोठी चूक. गणपतीत घरं भरलेली असतात, एका दिवसात पंधरावीस माणसं सहज मिळतात, आम्ही खूश! नंतर फॉर्म चाळले तर तिशी-चाळिशीतले जवळपास सगळे चाकरमानी निघाले, मुंबईत राहणारे, दिवसभर मोबाईल आणि कॉम्प्युटरवर असणारे. गावचे नॉर्म म्हणून आम्ही परळ-डोंबिवलीचे मार्क जमवत होतो. आता पहिला प्रश्न असतो, वर्षातले किती महिने इथे राहता, आणि मुंबईकरांचा गट वेगळा ठेवतो.

उलट बाजू पण आहे. खलाशी एरवी बोटीवर असतात, त्यांना गाठायचं तर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा, पण त्याच दिवसांत शेतकऱ्यांची भातलावणी, चिखलात उभ्या माणसाला तुम्ही पाच शब्द लक्षात ठेवा म्हणणार का? एप्रिल-मेमध्ये आंबा-काजूवाले नसतात. त्यामुळे वर्षाचं कॅलेंडर आधी करा. आणि आरोग्य केंद्राच्या रांगेतून सॅम्पल उचलू नका, तिथे काहीतरी दुखतंय म्हणूनच माणूस आलेला असतो.

"हेल्दी" ची व्याख्या फार कडक किंवा फार ढिली

बीपी, शुगर, थायरॉईड असलेला प्रत्येक माणूस काढून टाकला तर साठीच्या पुढे उरतं कोण? जे उरतात ते इतके ठणठणीत की त्यांचे नॉर्म बाकी सगळ्यांना आजारी ठरवतील. दुसरीकडे काहीच न विचारता बसवलं तर कुणाला लपलेला डिमेन्शिया, कुणाला जुना पॅरालिसिसचा झटका, आणि नॉर्म खाली घसरतो, मग खरा पेशंट त्यातून सुटतो. आम्ही शेवटी असं केलं: स्ट्रोक, फिट, डोक्याला मोठा मार, सध्याचं डिप्रेशन, रोजची जास्त दारू हे बाद, बीपी-शुगर गोळ्यांवर ताब्यात असेल तर आत. आणि घरच्यांना बाजूला घेऊन विचारायचं की हे स्वतःचे व्यवहार स्वतः करतात का. चष्मा आणि ऐकू येणं मात्र आधी तपासा, अर्धे "मेमरी प्रॉब्लेम" तिथेच सुटतात.

आधारवरचं वय आणि "सातवी पास"

म्हाताऱ्या माणसांच्या जन्मतारखा बघा, ढीगभर लोक १ जूनचे, कारण मास्तरांनी शाळेत घालताना तीच लिहिली. खरं वय काढायला घटना विचारा. रायगडच्या किनाऱ्यावर रामदास बोट बुडाली तेव्हा (१९४७) जन्म झाला होता का, कोयनेचा भूकंप झाला (डिसेंबर १९६७) तेव्हा लग्न झालेलं का, कडेवर पोर होतं का.

शिक्षणाचं तर विचारूच नका. जुनी सातवी, म्हणजे व्हर्नाक्युलर फायनल पास झालेला माणूस त्या काळात प्राथमिक शाळेत मास्तर व्हायचा, आणि आत्ताच्या सातवीचं काय ते आपल्याला माहितीये. दोघांच्या फॉर्मवर "७ वर्षं". त्यामुळे वर्षांबरोबर साधं वाचन पण तपासा, पेपरातल्या दोन ओळी वाचायला द्या, नाव लिहायला सांगा. ज्याने पन्नास वर्षांत पेन्सिल हातात धरली नाही त्याला पंचकोन काढायला लावला तर तुम्ही शाळा मोजताय, मेंदू नाही.

मासा हा प्राणी आहे का, हे आधी न ठरवणं

एका मिनिटात जेवढे आठवतील तेवढे प्राणी सांगा, सोपी टेस्ट. मालवणच्या एका काकांनी वाघ, गाय, कुत्रा एवढं सांगून जी गाडी समुद्राकडे वळवली, बांगडो, पेडवे, तारली, सुरमय, सौंदाळे, कर्ली, बोंबील, मोरी, मिनिट संपलं तरी थांबेनात. आमच्यातल्या एकीने सगळे मोजले, दुसरीने दुसऱ्या घरात "मासा" असा एकच धरला! तोवर असे साठएक फॉर्म झाले होते, सगळ्यांचं रेकॉर्डिंग पुन्हा ऐकावं लागलं (रेकॉर्डिंग होतं म्हणून वाचलो). मासे, पक्षी, किडे सगळे मोजा असा नियम ठेवा, पण लिहून ठेवा, आणि नॉर्मच्या तक्त्याखाली पण छापा, नाहीतर वापरणारा डॉक्टर वेगळं मोजेल.

अक्षरावरून शब्द सांगायच्या टेस्टमध्ये "म" दिला तर मासा, मीठ, मोर चालतील की फक्त मगर, मडकं? कुणी पूर्ण बाराखडी धरतं, कुणी नुसता म. हे पण आधीच ठरवा. शब्दांच्या यादीत पुणेरी शब्द नकोत, आणि उत्तर मालवणीत, संगमेश्वरीत, आगरीत आलं तर बरोबर धरा. जिल्हा विचारला की सिंधुदुर्गातल्या आजी "रत्नागिरी" म्हणतात, रायगडातले आजोबा "कुलाबा". जिल्हा वेगळा झाला, नाव बदललं ते १९८१ मध्ये, त्यांचं अर्धं आयुष्य त्याआधी गेलंय. तारखेऐवजी "आज एकादशी" आलं तर काय करायचं याचा पण नियम हवा, आम्ही तिथी बरोबर असेल तर वेगळ्या रकान्यात नोंदवतो.

शंभरातून सात सात वजा करताना ८६ नंतर "एकोणनव्वद" आलं, तर वजाबाकी चुकली की एकोणऐंशी म्हणताना जीभ घसरली? एकदा "परत सांगा" म्हणायचं की नाही हे सगळ्यांसाठी एकच ठेवा.

बाकीच्या चुका, पटापट

ओटीवर टेस्ट घेतली की सून, नातू, शेजारी सगळे जमतात आणि कुणीतरी उत्तर सांगतंच. त्याहून वाईट म्हणजे संध्याकाळपर्यंत यादीतले शब्द वाडीभर होतात, दुसऱ्या दिवशी एका काकूंनी मी सुरू करायच्या आधीच पाचही शब्द म्हणून दाखवले. एका वाडीचं काम एका दिवसात संपवा, नाहीतर पर्यायी यादी ठेवा.

आकडेमोडीत, चार वयोगट गुणिले चार शिक्षणगट गुणिले दोन (बाई-पुरुष) म्हणजे ३२ खाने, ५०० माणसं असली तरी खान्यात सोळाच्या आसपास. तेवढ्यात पाचवं पर्सेंटाईल (तळाचे पाच टक्के) म्हणजे सगळ्यात खालचा एक अख्खा माणूस पण होत नाही. त्यापेक्षा वय, शिक्षण, लिंग घालून रिग्रेशन करा, म्हणजे सगळ्यांच्या मार्कांवरून अपेक्षित मार्काचं एकच सूत्र काढा. ज्या टेस्टमध्ये सगळेच २८-३० मिळवतात तिथे सरासरी आणि एसडी (मार्क सरासरीपासून किती पसरलेत ते) देऊ नका, पर्सेंटाईल द्या.

आणि दहा टेस्ट घेतल्या, प्रत्येकीत तळाचे पाच टक्के "कमी" धरले, तर टेस्ट एकमेकींपासून अगदी स्वतंत्र असतील तेव्हा धडधाकट माणसांतल्या चाळीस टक्क्यांना कुठेतरी एक कमी स्कोअर येणारच (प्रत्यक्षात टेस्ट एकमेकींशी जोडलेल्या असतात म्हणून थोडा कमी आकडा). तुमच्या सॅम्पलमधला हा आकडा काढून तक्त्याच्या शेजारीच छापा. आमच्या पहिल्या तक्त्यात तो नव्हता, आणि एका चांगल्या शिकलेल्या गुरुजींना एका कमी मार्कावरून थेट मुंबईला एमआरआयला पाठवलं गेलं.