रायफलच्या बोल्टच्या तोंडावरची झीज तपासताना या चुका टाळा

बोल्टच्या तोंडावर, म्हणजे काडतुसाच्या बुडाला टेकणाऱ्या पुढच्या बाजूवर, गोल रेघा दिसल्या म्हणजे बोल्ट झिजला, असं नाही. ते तोंड फेसिंग करून, म्हणजे लेथवर सपाट कापून, बनवलेलं असतं आणि टूल सरकत गेल्याचे वर्तुळाकार मार्क त्यावर राहतात. बेळगावच्या उद्यमबागेत किंवा मच्छ्याला मशीनवर काम केलेल्या माणसाला ते लगेच ओळखू येतात. तोटा होतो तो पुढच्या पायरीवर, जेव्हा तोंड 'साफ' दिसावं म्हणून एमरी पेपर हातात घेतला जातो.

तपासणीतली पहिली चूक म्हणजे न धुताच बघणं. मॅगझिन काढा, चेंबर (काडतूस बसतं ती जागा) रिकामं आहे हे डोळ्यांनी आणि बोटानं दोनदा पाहा, मग बोल्ट बाहेर काढा. काडतुसाचं पितळ तोंडाला चिकटून पिवळसर चट्टे पडतात, कॅपची (काडतुसाच्या बुडातल्या, दारू पेटवणाऱ्या प्रायमरची) काजळी रेघांत बसते; हे दोन्ही वरून झिजेसारखेच दिसतात. सॉल्व्हंट लावून दहा मिनिटं थांबा, नायलॉनच्या ब्रशनं घासा, सुती कापडानं कोरडं करा. तारेचा ब्रश किंवा सुईचं टोक वापरू नका. त्याचे ओरखडे तुम्हीच उद्या झीज म्हणून वाचाल.

मग दहापट भिंग घ्या आणि बॅटरीचा उजेड बाजूनं, अगदी तिरपा टाका. समोरून टाकलेल्या उजेडात खड्डे लपतात. लाकडी टूथपिक तोंडावरून फिरवा. टूलच्या मार्कवर ती एकसारखी खरखरते, खड्ड्यात अडकते. कॅपवर आदळणारी पिन ज्यातून येते, त्या भोकाच्या कडेवरून कापूस फिरवला आणि धागे निघाले, तर तिथे बर, म्हणजे धातूची बारीक धारदार कड, आली आहे.

खड्डे कुठे आहेत यावर कारण ठरतं. कॅपच्या कडेच्या मापाचं कडं दिसलं, तर कॅपच्या बाजूनं गरम वायू सुटून पोलाद खाल्लं आहे. मोठ्या रायफल प्रायमरचा व्यास सुमारे ५.३ मि.मी., छोट्याचा ४.४५ मि.मी.; व्हर्नियरनं कड्याचा व्यास ताडून पाहा. खड्डे तोंडभर विखुरलेले असतील तर तो गंज. बेळगावजवळच्या जांबोटी-कणकुंबीच्या पावसात, किंवा निवडणुकीच्या काळात पोलीस ठाण्यात जमा राहिलेल्या बंदुकीवर, तो हमखास येतो. जुन्या काडतुसांच्या कॅपमधला क्षार हवेतलं पाणी ओढतो आणि तेलात विरघळत नाही. म्हणून अशी काडतुसं उडवल्यावर आधी गरम पाणी, पूर्ण कोरडं करणं, मग तेल.

उथळ, सुटे खड्डे असले तरी बोल्ट चालतो. मात्र पिनच्या भोकाची कड तुटली असेल किंवा खड्डे जोडले जाऊन भोकापासून बाहेर चर पडला असेल, तर तो वापरू नका. कॅपला मागून आधार उरत नाही, त्यामुळे ती पुन्हा गळते आणि चर आणखी खोल होतो. उडालेल्या कॅपवर पिनच्या खुणेभोवती उंचवटा आला, तर भोक मोठं झालं असेल, पण पिनची स्प्रिंग थकली तरी तसंच होतं. एका खुणेवरून निकाल देऊ नका.

आता घासण्याबद्दल. लष्कराच्या .३०३ ली-एनफील्डमध्ये काडतुसाच्या काठासाठी हेडस्पेसची, म्हणजे बोल्टचं तोंड आणि तो काठ टेकतो ती जागा यांतल्या अंतराची, मर्यादा ०.०६४ ते ०.०७४ इंच असते, म्हणजे सगळी मोकळीक पाव मिलिमीटर. तोंडाचा ०.१ मि.मी. घासला की त्यातली चाळीस टक्के संपली. .३१५ रायफलचं माप वेगळं, त्याचं गेजही वेगळं, पण हिशेब हाच. मोकळीक वाढली की काडतूस मागे ताणतं आणि बुडापासून साधारण एक सेंटिमीटरवर चकचकीत कडं दिसतं; पुढे तिथंच ते फाटतं आणि वायू नेमबाजाच्या चेहऱ्याकडे येतो. शिवाय बऱ्याच बोल्टांत तोंडाची कडक केलेली वरची कात पातळ असते. ती गेली की खालचं मऊ पोलाद लवकर दबतं. बफिंगही नको, त्यानं कडा गोल होतात.

सपाटपणा पाहायला धारदार कडेची पोलादी पट्टी तोंडावर उभी धरा आणि मागून उजेड बघा. फट दिसली तर 'गो' (त्यावर बोल्ट बंद झाला पाहिजे) आणि 'नो-गो' (त्यावर बंद होता कामा नये) गेज लावल्याशिवाय पुढचा बार उडवू नका. दर पावसाळ्यानंतर त्याच कोनातून, त्याच उजेडात एक फोटो काढून ठेवा. खड्डा वाढतोय की नाही, हे त्यावरूनच कळतं.

.२२ रायफलमध्ये पिन काडतुसाच्या बुडाच्या कडेला आदळते, म्हणून तिथे मधल्या भोकाऐवजी पिनच्या खाचेची कड आणि चेंबरचा काठ तपासा. काडतुसाविना घोडा पाडत राहिलं की चेंबरच्या काठाला खाच पडते.

दुसऱ्या रायफलचा बोल्ट बसतो म्हणून लावू नका. बोल्ट आणि बॉडी जुळवून बसवलेली असतात, क्रमांक ताडून पाहा. आणि ओळखीच्या लेथवाल्याकडे बोल्ट नेऊ नका, तो कितीही कुशल असला तरी. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ५ प्रमाणे दुरुस्तीलाही परवाना लागतो. महाराष्ट्रात चंदगड किंवा कोल्हापूरच्या परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडे जायचं असेल, तर तुमचा परवाना कोणत्या क्षेत्रापुरता आहे हे आधी वाचा. कर्नाटकापुरता असेल तर हद्द ओलांडण्यापूर्वी परवाना देणाऱ्या कार्यालयाकडून लेखी परवानगी घ्या.